लढाईचा खर्च आपल्याच पेटीतून



मघाशी याच व्यासपीठावरून सांगितलं गेलं की, कर नाही त्याला डर कशाला. कर-चौकशीच्या खर्चाची तजवीज करणाऱ्याच्या मनातच काळंबेरं असतं. आपल्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून हे विधान मी असंच जाऊ देणार नाही. ते चुकीचं आहे, आणि प्रामाणिक माणसाचा अपमान करणारं आहे.

रांजणगाव एमआयडीसीत जॉबवर्क करणारा आपला एखादा फॅब्रिकेटर घ्या. त्यानं अँगल-चॅनेल घेतलं. पक्कं बिल आहे, वजनकाट्याची पावती आहे, जीएसटीसकट सगळे पैसे आरटीजीएसनं गेलेत. पण माल विकणाऱ्यानं तो कर सरकारात भरलाच नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १६ प्रमाणे क्रेडिट कुणाचं जातं? घेणाऱ्याचं! चोरी एकाची, वसुली दुसऱ्याकडून. नोटीस दारात येईलच असं नाही. ती पोर्टलवर चढते, पुढचा आदेशही तिथेच येतो, आणि उशिरा कळतं की अपिलाची मुदत संपत आली.

समजा, मागणी ४०,००० रुपये कराची आहे. अपिलाला वादातल्या कराचे १० टक्के, म्हणजे ४,००० रुपये आधी भरायचे. जिंकलात तर ते व्याजासह परत. पण सल्लागाराची फी, पुण्याच्या खेपा, त्या दिवशी बंद राहिलेलं वर्कशॉप? त्यातला छदामही परत मिळत नाही. मग आपला माणूस हिशेब करतो आणि देणं नसताना भरून मोकळा होतो. आणि नोटीस फक्त चोरालाच येते असंही नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून लहान विक्रेत्यांना नोटिसा गेल्या. त्यांत भाजी आणि दूध विकणारेही होते. या लोकांनी कोणती चोरी केली होती?

ब्रिटनमध्ये कर-चौकशीच्या खर्चाचा विमा मिळतो. तिथली फेडरेशन ऑफ स्मॉल बिझनेसेस ही संघटना सदस्यत्वातच हे संरक्षण देते. असा विमा तज्ज्ञाची फी देतो. बुडवलेला कर भरून देत नाही. त्यामुळे चोराला त्याचा फारसा उपयोग नाही. उपयोग आहे तो कागद स्वच्छ असलेल्याला.

मग आपणही विमा कंपनीकडे जायचं का? माझं उत्तर स्पष्ट आहे, नाही. प्रकरण लढण्यासारखं आहे की नाही, हे कंपनी तिच्या नफ्याकडे बघून ठरवेल. शिवाय एकाच बुडव्या पुरवठादाराकडून शिरूरच्या दहा आणि दौंडच्या पाच दुकानांनी माल घेतलेला असतो. कंपनीसाठी ते पंधरा दावे. आपल्यासाठी ती एकच लढाई, आणि एकाचं उत्तर नीट तयार झालं की चौदा जणांचं निम्मं काम होतं.

म्हणून शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांचा सामाईक निधी उभा करा. दर सभासदामागे वर्षाला २,००० रुपये. ५०० सभासद आले तर १० लाख होतात. त्यातून एक जाणकार नेमा, जो दर आठवड्याला प्रत्येकाचं पोर्टल उघडून बघेल. आणि नियम कडक ठेवा: बोगस बिलं फिरवणाऱ्याला एक रुपया द्यायचा नाही, मग तो कुणाचा पाहुणा का असेना.

एकजुटीनं काही होत नाही म्हणणाऱ्यांना एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आठवत नाही. २०१३ मध्ये पुण्यासह राज्यातल्या शहरांत बाजारपेठा बंद राहिल्या, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालच्या उलाढालीवरचा तो कर सरकारला काढावा लागला. एकेकट्यानं फी भरत बसलो असतो तर तो गेला असता का?

निधी झाला म्हणून सरकार सुटलं असं मात्र नाही. चुकीची मागणी अपिलात रद्द झाली, तर व्यापाऱ्याचा खर्च विभागानंच द्यावा, ही कायदादुरुस्ती आपण मागत राहणार. आमदार-खासदार मतं मागायला येतील तेव्हा हा प्रश्न पहिला विचारा.

निधीचा ठराव आता मांडला जाईल. कुरकुंभपासून शिक्रापूरपर्यंतच्या प्रत्येक सभासदानं तो आज मंजूर करावा आणि पहिल्या वर्षाची वर्गणी इथेच, सभा सुटण्यापूर्वी भरावी, एवढं माझं मागणं आहे.