रुग्णवाहिका येईपर्यंत

मैत्रिणींनो, बसला असाल तिथं ऐका. भाकरी करता करता ऐकलं तरी चालेल.

आज अपघाताबद्दल बोलायचं आहे. गगनबावड्याचं आपल्याला सांगायला नको. इथून एक रस्ता करूळ घाटानं वैभववाडीला उतरतो, दुसरा भुईबावडा घाटानं. पावसाळ्यात धुकं असं उतरतं की समोरची म्हैस दिसत नाही, तर वळणावरची गाडी काय दिसणार! कोल्हापूर पंचावन्न किलोमीटरवर, आणि कुंभीला पूर आला की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येऊन वाट बंद. शहरात अपघात झाला तर माणूस वीस मिनिटांत दवाखान्यात असतो. आपल्याकडं तेवढ्या वेळात नुसता फोन लागला तरी नशीब. म्हणजे मधला वेळ आपल्या हातात असतो. तिथं आधी पोचतो ते आपणच, गवताचा भारा डोक्यावर घेऊन चाललेल्या बाया.

आमच्या गटाचं सांगतो. तीन पावसाळ्यांमागे वळणावर एक मोटारसायकल घसरली. आम्ही भात लावून परतत होतो. पोरगा रस्त्यावर उताणा, शुद्धीत, कण्हत होता. आम्ही काय केलं? एकीनं पाणी पाजलं. दोघींनी काखेत हात घालून उठवून बसवलं. तेवढ्यात टेम्पो आला, चौघांनी हातपाय धरून त्याला उचललं आणि मागच्या हौद्यात गुडघे दुमडून कोंबलं. वाटलं, मोठं काम केलं. पोरगा वाचला, पण त्याच्या पायातली ताकद पुरती परत आली नाही. पडल्यावरच मणका दुखावला होता की आम्ही उचलताना, हे कुणालाच सांगता येणार नाही. ते आमच्या डोक्यातून जात नव्हतं. म्हणून आरोग्य खात्यातल्या एका डॉक्टरताईंना गावात बोलावलं आणि देवळाच्या मंडपात एकमेकींना झोपवून सगळं शिकून घेतलं. हसू फार आलं, पण डोक्यात बसलं.

ताईंनी पहिलंच सांगितलं, धावत जाऊ नका. आधी रस्ता बघा. वळणाच्या अलीकडं आणि पलीकडं एकेक बाई रंगीत पदर हलवत उभी करा, नाहीतर मागून येणारी गाडी तुम्हालाच उडवते. विजेची तार तुटून पडली असेल तर लांबच थांबा.

एकीनं लगेच १०८ लावायचा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, पैसे पडत नाहीत आणि गाडीत डॉक्टर असतो. फोनवर गाव, घाटाचं नाव, जवळचा किलोमीटरचा दगड, जखमी किती आणि कोण बेशुद्ध आहे, एवढं सांगायचं. ते ठेवा म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. घाटात रेंज नसते हे आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा मोटारसायकलवाल्याला रेंज असलेल्या टेकाडावर पिटाळायचं.

बाकीच्यांनी जखमीकडं. सगळ्यात आधी बघायचं ते भळाभळा वाहणारं रक्त. धडधाकट माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, आणि मोठी शीर तुटली तर काही मिनिटांतच जीव जातो. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून दोन्ही तळव्यांनी जोरात दाबायचं आणि दाबूनच धरायचं. थांबलं का बघायला सारखं उचलायचं नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. हळद, चहापूड, चुना, शेण काही भरायचं नाही. आमच्या एका आजी यावर रुसल्या होत्या, पण दवाखान्यात ते सगळं खरवडून काढावं लागतं आणि जखम चिघळते. पत्रा, काच, लाकूड रुतलं असेल तर ओढू नका, बूच काढल्यासारखं रक्त येतं. त्याच्या बाजूनं कापडाचे बोळे लावून ते हलणार नाही असं बांधा.

हातापायाचं रक्त दाबूनही थांबतच नसेल, कोयत्यानं होतं तसं, तर जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, रुंद पट्टी आवळायची. गाठीत काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळायची. सुतळी किंवा तार नको, ती मांसात रुतते. बांधल्याची वेळ लिहून ठेवायची आणि डॉक्टरशिवाय कुणी सैल करायची नाही. ऊसतोडीत बोट तुटलं तर ते ओल्या स्वच्छ कापडात, मग प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर मरतो.

मग मान. मोटारसायकलवरून पडलेला, झाडावरून पडलेला, गव्यानं उडवलेला, या सगळ्यांची मान मोडली आहे असंच धरून चालायचं. एकीनं डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरायचं आणि बोलत राहायचं, “दादा, हलू नका, गाडी येतेय.” बसवायचं नाही, ओढायचं नाही. हेल्मेट असेल तर काच वर करा. श्वास अडत नसेल तर ते काढू नका. उलटी आली तर डोकं, खांदे, कंबर एकाच वेळी, ओंडका वळवावा तसं चौघींनी मिळून कुशीवर. गाडी पेटत असेल किंवा दरड येत असेल तर मात्र नियम बाजूला, तिथून बाहेर काढायचंच.

बेशुद्ध माणूस घोरायला लागला की लोक म्हणतात, झोप लागली. झोप नव्हे ती! जीभ मागं पडून घसा अडतोय. मान न वाकवता, कानाखालून दोन्ही बाजूंनी जबडा पुढं ढकलायचा. श्वास मोकळा होतो, स्वतःच्या कानांनी ऐकाल. श्वासच नसेल तर १०८ वरचे सांगतील तसं छातीच्या मधोमध जोरात, भरभर दाबायला लागा.

बाहेर रक्त नसलं तरी आत वाहत असतं. मांडीचं हाड मोडलं तर लिटरभर रक्त मांडीतच साठतं. माणूस पांढराफटक, अंग गार, घाम, नाडी भरभर, उगाच घाबराघुबरा. नख दाबून सोडा, दोन सेकंदांत लाली आली नाही तर धोका समजा. थंडीनंही तसं होतं, तेव्हा बाकीच्या खुणाही बघा. ओले कपडे असतील तर वरून घोंगडं घाला. पाणी मात्र नाही, तोंडाला कोरड पडली तरी ओठ ओले करण्यापलीकडं नाही. ऑपरेशन लागलं तर पोटातलं पाणी घशात येऊन गुदमरतं. आमचं पाणी पाजणं तिथंच चुकलं होतं.

मोडलेला हातपाय आहे तसाच, बांबूच्या कांबीला वरच्या आणि खालच्या सांध्यासकट बांधा. सरळ करायला जाऊ नका.

“पोलिसांचं लचांड कशाला?” असं घरची माणसं म्हणतात. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि २०१९ मध्ये ते मोटार वाहन कायद्यातच आलं. नाव सांगायची सक्ती करता येत नाही, दवाखान्यात अडकवून ठेवता येत नाही. हे सासऱ्यांना आणि नवऱ्याला आजच सांगून ठेवा.

आता आमची पिशवी अंगणवाडीशेजारच्या घरात खुंटीला असते. त्यात धुतलेल्या सुती पातळाच्या पट्ट्या, कात्री, हातमोजे, दोन कांबी, विजेरी, पेन. पट्ट्या संपल्या की जिनं वापरल्या तिनं फाडून, उकळून, वाळवून ठेवायच्या. पुढच्या महिन्यात भात कापणी आहे, विळे बाहेर निघतील. त्याआधीच्या शुक्रवारी दुपारी आम्ही पुन्हा मंडपात बसणार आहोत. या वेळी जखमी व्हायची पाळी आमच्या अध्यक्षबाईंची आहे.