दुष्काळनिवारण आणि परराष्ट्रांचे साहाय्य
(समितीच्या वर्गणीदारांच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



समितीचा अहवाल व जमाखर्च आपणांसमोर आताच मांडण्यात आला आहे. त्यावर मी अधिक बोलत नाही. दरिद्री देशांतील अन्नाचा तुटवडा दूर करण्याच्या कामी परराष्ट्रांच्या साहाय्याचा कितपत उपयोग होतो, ह्याविषयी चार शब्द बोलावे अशी चालकांची आज्ञा आहे. 'घरचे सोडून परमुलखाची उठाठेव कशास?' असे आपणांपैकी कित्येकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

१९६५ व १९६६ ह्या लागोपाठच्या दोन वर्षी आपल्या देशात पावसाने दगा दिला. १९६६ साली सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले, आणि त्यातील मोठा भाग अमेरिकेचा गहू होता. त्या गव्हाने लाखो घरांची चूल पेटती ठेविली, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु अध्यक्ष जॉन्सन ह्यांनी तो गहू थोडाथोडा, हात राखून सोडण्याचे धोरण धरले, तेव्हा दुसऱ्याच्या कोठारावर विसंबणाऱ्याचा जीव कसा टांगणीस लागतो, हेही आपणांस कळून आले. त्याच १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आले. १ कोटी टन धान्य खाऊन संपले. १८ हजार टन शेतात पेरले गेले. १९६४-६५ साली देशात सुमारे १ कोटी २० लाख टन गहू पिकला होता. १९७०-७१ साली तो २ कोटी ३८ लाख टनांवर गेला. ह्यात आपल्या शेतकऱ्यांचे कष्ट, पाणी, खत आणि सरकारने बांधून दिलेला भाव ह्यांचा वाटा मोठा आहे. तथापि परक्याचे साहाय्य कोणत्या रूपाने आले असता घेणारा स्वतःच्या पायांवर उभा राहतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

गृहस्थहो, दुष्काळ कसा चढत जातो हे आपणां व्यापाऱ्यांस व जमीनदारांस सांगावयास नको. पाऊस गेला की प्रथम मजुराचे काम जाते. मग घरातील भांडी मोडीत निघतात, किडूकमिडूक गहाण पडते, शेळी बाजारात येते आणि शेवटी बैल. सारा मुलूख एकदम जनावरे विकू लागला म्हणजे त्यांचा भाव कोसळतो, आणि धान्याचा भाव तर रोज चढत असतो. १९४३ साली बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसे मेली, ती केवळ धान्य नव्हते म्हणून नव्हे. असलेले धान्य विकत घेण्याची ऐपत त्यांस उरली नव्हती, हे अमर्त्य सेन ह्यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात साधार दाखविले आहे. सबब बैल विकला जाण्यापूर्वी आलेली मदत कुटुंब वाचविते. त्यानंतर आलेली मदत फार तर प्राण वाचविते, आणि पुढील वर्षी तेच कुटुंब पुन्हा दारात उभे राहते.

ह्याची साक्ष पूर्व आफ्रिकेत मिळते. इथिओपियात १९८४-८५ साली लाखो माणसे मेली. अवर्षण होते, यादवी युद्ध होते, इशारेही वेळेवर मिळाले होते. पण जगाचे मन द्रवले ते मरणोन्मुख मुलांची चित्रे १९८४ च्या ऑक्टोबरात घरोघरी दिसली तेव्हा. त्यानंतर दरवर्षी पीक बुडावे, दरवर्षी आवाहन व्हावे आणि दरवर्षी उशीर व्हावा, असा क्रम पुष्कळ वर्षे चालला. २००५ साली तेथील सरकारने व साहाय्य देणाऱ्या राष्ट्रांनी तो मोडला. ज्या तालुक्यांत तूट नित्याचीच आहे, तेथील कुटुंबांस दरवर्षी टंचाईच्या महिन्यांत रोख रक्कम अथवा धान्य मिळेल, असे आधीच ठरवून टाकले. धडधाकटांनी बांध, तळी व रस्ते ह्यांवर काम करावे. वृद्ध व दुर्बल ह्यांस कामावाचून द्यावे. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खपून ज्यांनी दिवस काढले, त्या महाराष्ट्रास आणि पुढे रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या ह्या प्रांतास ही रीत ओळखीची वाटेल.

पुढे २०११ साली त्या भागात भयंकर अवर्षण पडले. शेजारच्या सोमालियात सुमारे २ लाख ६० हजार माणसे दगावली. त्यांतील निम्मी पाच वर्षांखालील मुले होती. दुष्काळ अधिकृत रीतीने जाहीर झाला तो जुलैत, आणि मृतांपैकी जवळजवळ अर्धे त्यापूर्वीच गेले होते. इशारे मात्र २०१० च्या ऑगस्टपासून येत होते. इथिओपियातही हाल झाले, परंतु तेथे तसा दुष्काळ जाहीर करण्याची पाळी आली नाही. सोमालियात युद्ध होते व मदतीची वाट अडविली जात होती, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही आधी बांधून ठेविलेल्या व्यवस्थेचे मोल ह्या तुलनेत दिसून येते.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. २०२३ च्या मे-जून महिन्यांत मदतीचे धान्य भलतीकडे जात असल्याचे आढळल्यावरून अमेरिकेने व जागतिक अन्न कार्यक्रमाने इथिओपियातील वाटप कित्येक महिने थांबविले. चोरी केली कोणी आणि उपास पडला कोणास! यास्तव हिशेब चोख ठेवणे हेही अन्नदानाचेच अंग आहे. तसेच जेथे बाजारात धान्य आहे तेथे रोकड द्यावी. तेथे फुकट धान्याच्या राशी ओतल्यास भाव पडून स्थानिक शेतकरीच बुडतो. जेथे बाजारच उठला आहे तेथे मात्र धान्यच पाठविले पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी माणसे उपाशी होती. अशा वेळी थोरल्या दात्यांनी हात आखडले आहेत. अमेरिकेचे परराष्ट्र-साहाय्याचे स्वतंत्र खाते १ जुलै २०२५ रोजी बंद झाले. ही तूट आपण भरून काढू, अशी प्रौढी मी मिरवीत नाही. पण एके काळी घेणारा असलेला आपला देश देणाराही झाला आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत अटारीच्या वाटेने अफगाणिस्तानास आपल्या गव्हाच्या गाड्या गेल्या, त्या आपण पाहिल्या आहेत.

माझे मागणे एवढेच आहे. दुष्काळाची वर्तमाने येऊन अंतःकरण हेलावल्यावर आपण देताच; त्याबद्दल समिती आपली ऋणी आहे. पण आता देणगी सुकाळात द्या, आणि ठराविक द्या. व्यापाऱ्याने दिवाळीच्या वहीपूजनास आणि जमीनदाराने खळे उरकल्यावर आपला आकडा वहीत मांडावा, आणि तो तीन वर्षे चालवावा. रक्कम लहान असली तरी चालेल. ती ठरल्या तिथीस यावी. हुंडी मुदतीस वटली नाही तर पेढीची पत जाते, हे आपण जाणता. उपाशी माणसाची मुदत त्याहून कडक असते.