कळवळ्याला शिक्षणाची जोड हवी

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात म्हसवड येथे केलेले भाषण)



मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि उभा जन्म प्राथमिक शाळेत घालविलेल्या माझ्यासारख्या माणसास आपण येथे उभे केले, हा आपला लोभ आहे. आज मी आपणांस उपदेश करणार नाही. माझ्याच एका चुकीची कबुली देणार आहे.

काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी तिन्हीसांजेला घरी आला. मोबाईलवर पैसे लावून रमी खेळण्यात तो कर्जबाजारी झाला होता. बराच वेळ त्याच्या तोंडून शब्द फुटेना. अखेर त्याने सारे सांगितले. मी काय केले? धर्मराजाच्या द्यूताची कथा ऐकविली, आईबापांच्या कष्टांची आठवण दिली आणि श्रीसिद्धनाथाची शपथ घ्यावयास लावली. पुढे नातलगांनी वर्गणी काढून कर्ज फेडले. तीन महिन्यांत तो पुन्हा खेळू लागला. परंतु या खेपेस तो मजकडे आला नाही. एके रात्री घर सोडून गेला. सुदैवाने आठवड्याने परतला. त्याला माझी पायरी पुन्हा चढावीशी का वाटली नाही, हा प्रश्न मला अद्याप स्वस्थ बसू देत नाही.

दारू पोटात जाते, म्हणून तिचे व्यसन आपणांस दिसते. जुगारात पोटात काही जात नाही, म्हणून आपण त्यास खोड म्हणतो, फार तर पाप म्हणतो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात जुगाराच्या व डिजिटल खेळांच्या विकाराची गणना व्यसनांच्या विकारांबरोबरच केली आहे. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळास अग्रस्थान मिळणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, ही त्याची लक्षणे होत. डाव केव्हा लागेल याचा नेम नसतो. आणि नेम नसतो म्हणूनच ओढ वाढते. अशा माणसाचे कर्ज नुसते फेडून टाकणे म्हणजे विझत्या चुलीत काटक्या सारणे होय.

मटक्याने किती संसार धुळीस मिळविले, हे माझ्या वयाच्या मंडळींस सांगावयास नको. मटक्याच्या टपरीवर जाताना निदान चार डोळ्यांची लाज वाटे. मोबाईलने तीही घालविली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांना बंदी करणारा कायदा संमत केला, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि १८८७ सालचा जुगारबंदीचा कायदा असतानाही मटका फोफावला, हे आपण पाहिलेच. कायदा अड्डा बंद करील. मनातील ओढ सोडविण्यास माणूस लागतो, आणि तो शिकलेला लागतो.

त्याने शिकावयाचे काय? प्रथम, ऐकणे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडलेल्या पद्धतीचे सार असे, की आपण जितके वाद घालावे तितका समोरचा आपल्याच वागण्याचे समर्थन करू लागतो. म्हणून सोडण्याची कारणे त्याच्याच तोंडून येतील असे प्रश्न विचारावेत. दुसरे, सर्व देणी एका कागदावर मांडणे आणि त्याच्या संमतीने व्यवहार काही काळ विश्वासू माणसाच्या हाती देणे. तिसरे, मरणाचे विचार येतात काय, हे स्पष्ट विचारणे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट मन मोकळे होते. तसे आढळल्यास त्यास एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. चौथे, तो पुन्हा घसरल्यास त्यास विश्वासघातकी न म्हणता, त्या दिवशी काय घडले हे समजून घेणे. मी यांतील एकही गोष्ट केली नाही.

पुण्यास डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे शिकून समुपदेशक झाली, आणि रुग्णांच्या पत्नींनाही आधार देण्याची व्यवस्था झाली. कळवळा आणि शिक्षण एकत्र आले म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण आहे.

आणखी एक कटू गोष्ट बोलतो, क्षमा असावी. आपल्या समाजात दुपारी कळलेली बातमी सायंकाळी सोयरिकीच्या बैठकीत पोहोचते. बहिणीचे लग्न मोडेल या भयाने कित्येक तरुण तोंड उघडीत नाहीत. म्हणून गुप्तता पाळणे, हे या शिक्षणातील पाचवे आणि आपणांस सर्वांत अवघड असे कलम आहे.

यास्तव माझी कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे. शिक्षक, आशाताई, बचत गटाच्या भगिनी यांस घरातील पडझड प्रथम दिसते. हप्ता का चुकला, हे त्यांना आधी कळते. अशांपैकी दोघांस दरवर्षी शिक्षणनिधीतून रीतसर प्रशिक्षणास पाठवावे, आणि आठवड्यातून एक सायंकाळ त्यांना बसण्यास खोली द्यावी. ज्या म्हसवडात १९९७ साली महिलांनी स्वतःची बँक उभी केली, तेथे हे अशक्य नाही.

तो विद्यार्थी आज रस्त्यात भेटला की नमस्कार करतो; मात्र थांबत नाही. उद्या असा दुसरा कोणी तिन्हीसांजेला कोणाच्या दारी उभा राहिला, तर दार उघडणारा माझ्याहून अधिक शिकलेला असावा, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.