भोवरा प्रवाह आणि मेंदूचे चित्र
(वार्षिक सभेत संस्थेच्या वतीने केलेले भाषण)



डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचा मेंदूतील रक्तस्राव वाढतो आहे का, हे पाहण्यासाठी त्याला अतिदक्षता विभागातून पुन्हा सी.टी. स्कॅनला न्यावे लागते. श्वसनयंत्र, नळ्या, सलाइन यांसह त्याला हलविणे हेच मुळात जोखमीचे. नाशिक रस्त्यावरील अपघातांचे रुग्ण पाहणाऱ्या आम्हांला ही धास्ती परिचयाची आहे. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना तर अधिकच. म्हणूनच एका देणगीदार बंधूंनी आम्हांला विचारले, "खाटेपाशीच राहणारे, क्ष-किरण न वापरणारे चुंबकीय प्रवर्तन टोमोग्राफीचे यंत्र आपण का घेत नाही? निधी आम्ही उभा करू." या आपुलकीच्या प्रश्नाचे उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे.

या यंत्राचे तत्त्व भोसरी-चाकणच्या कारखानदारांना नवे नाही. शाफ्टवरचा किंवा बेअरिंगच्या कड्यावरचा तडा गुणवत्ता विभागात 'एडी करंट'ने शोधतात. वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला की जवळच्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात. तडा आला की त्यांची वाट बदलते आणि तो बदल वेटोळ्यात उमटतो. फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखविलेले प्रवर्तन ते हेच. टोमोग्राफीत अशी वेटोळी डोक्याभोवती मांडतात. एकाने क्षेत्र निर्माण करावयाचे, बाकीच्यांनी ते टिपावयाचे. मग पाळी पुढच्याची. रक्त हे मेंदूच्या पांढऱ्या भागाहून कितीतरी अधिक विद्युतवाहक असल्याने रक्तस्राव झाला की मोजणी बदलते.

पण पोलादाच्या तुलनेत शरीर लाखो पटींनी कमी वाहक. त्यामुळे वारंवारता काही मेगाहर्ट्झपर्यंत न्यावी लागते, आणि तरीही शरीराकडून येणारा संकेत मूळ क्षेत्राच्या शेकडा एक किंवा त्याहूनही कमी भरतो. वेटोळे किंचित तापले, केबल जराशी हलली, की तो हरवतो. अतिदक्षता विभागातील यंत्रांच्या गर्दीत तर विचारावयास नको.

दुसरी अडचण गणिताची आहे. सोळा वेटोळी घेतली तर स्वतंत्र मोजण्या मिळतात अवघ्या १२०. चित्राचे ठिपके मात्र हजारो. एकाच मोजणीतून अनेक चित्रे निघू शकतात. अशा वेळी गणिती अट घालून त्यांतले सौम्य चित्र निवडतात. गोंगाट दबतो, पण कडाही पुसट होतात. क्ष-किरण सरळ जातात, चुंबकीय क्षेत्र पसरते. शिवाय डोक्याचा मध्यभाग या वेटोळ्यांना सर्वांत कमी जाणवतो, आणि खोलवरचा रक्तस्राव नेमका तेथेच.

थोड्या मोजण्यांतून उत्तम चित्र काढण्याचा एक थोर नमुना आपल्याच रस्त्यावर आहे. चाकण, मंचर मागे टाकून नारायणगावला गेले की खोडदची महाकाय दुर्बीण लागते. तिच्या तीस अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात, आणि पृथ्वी फिरत असल्याने प्रत्येक जोडीला तासागणिक नवी मोजणी मिळते. तिचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांचे स्टॅनफर्डमधील मार्गदर्शक रोनाल्ड ब्रेसवेल यांचे गणित पुढे सी.टी.लाही उपयोगी पडले. पण तेथे लहरींचे गणित सरळ आहे. डोक्याभोवतीच्या वेटोळ्यांना ती सोय नाही.

या यंत्राचे चित्र पाहून शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा, असे आज आम्हांला वाटत नाही. संपूर्ण चित्र न काढता तासापूर्वीच्या व आताच्या मोजणीतला फरक तेवढा पाहावा, ही रीत आम्हांला अधिक आशादायक वाटते. रक्तस्राव वाढतो आहे एवढी सूचना मिळाली तरी पुष्कळ. परंतु ते काम संशोधकांचे. आपल्या देणगीवर आम्ही प्रयोग करू इच्छीत नाही.

तेव्हा आमची विनंती वेगळी आहे. रुग्णाला हलविताना सोबत नेता येईल असे एक श्वसनयंत्र आणि सी.टी. विभागात रात्रपाळीला आणखी एक तंत्रज्ञ, या दोन गोष्टींसाठी तो निधी मिळावा. आणि ज्या बंधूंच्या कारखान्यात वेटोळी गुंडाळली जातात, त्यांनी एकदा आमच्या अतिदक्षता विभागात येऊन तेथील विद्युत गोंगाट स्वतः मोजून पाहावा.