‘घ्या, तोटा काही नाही!’



कांदिवली पश्चिमेला, चारकोपात माझा दवाखाना आहे. तीस वर्षं होऊन गेली. ज्यांनी चारकोप पाहिलंय त्यांना इथली रचना ठाऊक असेल. जागतिक बँकेच्या मदतीच्या योजनेतून म्हाडाने इथे छोटे छोटे भूखंड दिले. मध्ये चौक आणि भोवती बैठी घरं. त्या बैठ्या घरांवर आता मजले चढले, पण चौक बरेचसे टिकून आहेत. चौकात तुळस असते, कढीपत्ता असतो, एखादा शेवगा असतो आणि त्या शेवग्यावर चढलेली गुळवेल असते. बदामासारखी पानं, हिरवट खोड आणि वरून दोऱ्यासारखी लोंबणारी मुळं. २०२० पर्यंत या वेलीकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

त्या वर्षी मे-जून महिन्यांत मात्र वेलीचे हाल झाले. ज्याला त्याला कांडं हवं होतं. दवाखाना मी अर्धाच वेळ उघडत होतो, पण फोन दिवसभर चालू असायचा. ताप कुणाचाच नसेल त्या दिवशीही दहा-बारा फोन एकाच प्रश्नाचे. “डॉक्टर, काढा घेऊ का? गुळवेलीचा रस घेऊ का?” माझं उत्तर ठरलेलं होतं. “घ्या. फायदा झाला तर झाला, तोटा काही नाही.”

हे वाक्य मी किती जणांना सांगितलं याचा हिशेब नाही. दोन-तीनशे तरी असतील. त्यातल्या एका बाईंबद्दल आज बोलायचं आहे.

या बाई साठीच्या अलीकडच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या. थायरॉइडची गोळी अनेक वर्षं चालू, बाकी तब्येत ठणठणीत. २०२० च्या दिवाळीत त्यांच्या यजमानांचा फोन आला. “डॉक्टर, हिला फराळाचा वासही नको झालाय. अंगाला खाज सुटते. आणि काल मुलगी म्हणाली, आई, तुझे डोळे पिवळे दिसतायत.” पाहिलं तर डोळे हळदीसारखे. रक्त तपासलं. एसजीपीटी चाळिसाच्या आसपास असायला हवं, ते हजाराच्या वर गेलेलं. बिलिरुबीन चौदा.

आमच्या भागात कावीळ म्हटलं की पहिला संशय पाण्यावर. हिपॅटायटिस ए आणि ई तपासले. नाही. बी आणि सी तपासले. तेही नाही. सोनोग्राफीत खडे नाहीत. दारूचा प्रश्नच नव्हता. मी विचारलं, “औषधं कोणकोणती चालू आहेत?” त्या म्हणाल्या, “फक्त थायरॉइडची गोळी.” मी त्यांना शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात यकृततज्ज्ञांकडे पाठवलं. मी स्वतः सोबत गेलो, कारण दोघंच जण, मुलगी पुण्याला परतलेली.

तज्ज्ञांनी औषधांचं काही विचारलंच नाही. फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाले, “ताई, सकाळी उठल्यावर चहाच्या आधी काय पिता?”

मग सगळं बाहेर आलं. जुलैपासून रोज सकाळी पेलाभर गुळवेलीचा काढा. वेल चौकातलीच. पाऊस असला की वेल काढायला कोण जाणार, म्हणून दुकानातून आणलेल्या गुळवेलीच्या गोळ्या, सकाळी दोन आणि रात्री दोन. त्या गोळ्या संपेपर्यंत काढाही थांबवला नव्हता. मी यजमानांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सहज म्हणाले, “पण ते काही औषध नव्हे ना! आणि आम्ही यांना विचारूनच सुरू केलं होतं.”

त्या खोलीत मला काय वाटलं, ते तुम्ही ओळखलं असेल.

बाईंचं यकृत सुटलं. काढा-गोळ्या बंद झाल्या, सुईने यकृताचा तुकडा काढून तपासला, काही आठवडे स्टेरॉइड द्यावं लागलं. पिवळेपणा जायला दोन महिने आणि अहवाल पूर्ण सरळ व्हायला जवळपास मे महिना उजाडला. त्या मला म्हणाल्या, “तुम्ही कशाला मनाला लावून घेता? टीव्हीवरही तेच सांगत होते.” खरं होतं ते. आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलेल्या उपचारपद्धतीतही गुडूची घनवटी होती. पण टीव्हीला त्यांनी फोन केला नव्हता, मला केला होता.

हे प्रकरण आमच्यापुरतंच असेल असं तेव्हा वाटलं. तसं नव्हतं. जुलै २०२१ मध्ये मुंबईच्या डॉ. आभा नागराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृतविज्ञानाच्या एका नियतकालिकात सहा रुग्णांची हकिकत छापली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईत आलेले रुग्ण, सगळे गुळवेल घेणारे आणि सगळ्यांच्या यकृताला सूज. काहींना आधीपासून थायरॉइड किंवा मधुमेह. वाचताना मला आमच्याच बाई दिसत होत्या.

आयुष मंत्रालयाने लगेच खुलासा केला की हा निष्कर्ष दिशाभूल करणारा आहे. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, हे तपासलेलं नाही, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. आक्षेपात तथ्य आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. गुळवेलीची एक बहीण आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा. पानं जवळजवळ तशीच, मात्र खोडावर चामखिळीसारखे फोड. ही वापरू नका, असं मंत्रालयानेही पुढे लोकांना सांगितलं. पण मग मला विचारावंसं वाटतं, चारकोपच्या चौकात शेवग्यावर चढलेल्या वेलीचं खोड कोण निरखून बघतो? बघितलं तरी ओळखणार कोण? मी पंचवीस वर्षं त्या चौकातून जात होतो, मलाही ओळखता आलं नसतं.

पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, देशभरातल्या तेरा केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांना वेल सुरू केल्यापासून साधारण ४६ दिवसांच्या आत त्रास सुरू झाला होता. अनेकांच्या यकृतात आधीपासून काहीतरी बिघाड होता, ज्याचा त्यांना पत्ता नव्हता. वेलीने तो उघड्यावर आणला. असं का व्हावं, याचा एक अंदाज तज्ज्ञ सांगतात तो पटण्याजोगा आहे. गुळवेल रोगप्रतिकारशक्तीला चेतवते, म्हणूनच तर आपण ती घेत होतो. पण काही माणसांची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्याच अवयवांवर गुरगुरत असते. थायरॉइडचे बरेच आजार याच जातीचे. अशा माणसाला रोज सकाळी पेलाभर चेतवणी दिली, तर ती फौज यकृतावर उलटू शकते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या मला फोन येतील. गुळवेल विष आहे, असं मी म्हणत नाही. त्या दोन वर्षांत असंख्य लोकांनी ती घेतली आणि फार थोड्यांना बाधली. आणि ॲलोपॅथी निर्दोष आहे, असं तर मुळीच म्हणत नाही. औषधांमुळे यकृताला इजा झालेल्या १,२८८ भारतीय रुग्णांची एक मोठी नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे ४६ टक्के रुग्ण क्षयाच्या औषधांचे होते. ती औषधं मी स्वतः लिहून देतो. दुसऱ्या क्रमांकावर, सुमारे १४ टक्के, आयुर्वेदिक आणि इतर पर्यायी औषधं होती. फरक इतकाच की क्षयाच्या गोळ्या देताना मी रुग्णाला सांगतो, भूक गेली, लघवी गडद झाली तर लगेच या. काढ्याच्या वेळी मी काय सांगितलं, ते तुम्ही ऐकलंच आहे.

आपल्याकडे ‘साइड इफेक्ट’ हा शब्द फक्त इंग्रजी औषधांना चिकटवलेला आहे. पोटात गेलेली प्रत्येक गोष्ट, मग ती भाकरी असो, गोळी असो की काढा, आतड्यांतून शोषली गेली की रक्तवाहिनीने आधी यकृताकडे जाते. यकृत तिथे जकात नाक्यासारखं बसलेलं असतं. माल शेतातून आला की कारखान्यातून, हे ते विचारत नाही. ज्या वनस्पतीचा शरीरावर काहीच परिणाम होत नाही तिचा दुष्परिणामही होणार नाही, हे खरं. पण मग ती घ्यायची कशाला?

आणि मात्रा. आपली आजी भाजीत चिमूटभर हळद घालत होती. आज हळदीची कॅप्सूल मिळते, शिवाय त्यात मिऱ्याचा अर्क. तो उगीच नसतो. १९९८ मध्ये बंगळुरूला झालेल्या प्रयोगात दिसलं होतं की हळदीतला कर्क्युमिन हा घटक मिऱ्यातल्या पायपरीनबरोबर दिला, तर माणसाच्या रक्तात तो कितीतरी पटींनी जास्त, त्या प्रयोगात वीस पट, उतरतो. म्हणजे स्वयंपाकघरातली हळद आणि डबीतली हळद नावानेच सारखी. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या अशा पूरक गोळ्या घेणाऱ्यांना कावीळ झाल्याच्या तक्रारी एकापाठोपाठ एक आल्या आणि तिथल्या सरकारने वेष्टणावर इशारा छापायला लावला. ग्रीन टीचंही तेच. कपातल्या चहाने सहसा काही होत नाही. वजन उतरवायला त्याच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्यांची यकृतं दुखावली आहेत.

यकृताचंच का, मूत्रपिंडाचंही उदाहरण आहे आणि ते जास्त भयंकर आहे. नव्वदीच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन कमी करणाऱ्या एका दवाखान्यात बायकांना चिनी वनस्पतींची चूर्णं दिली जात होती. त्यांत एका वनस्पतीच्या जागी नामसाधर्म्यामुळे दुसरीच, ॲरिस्टोलोकिया जातीची, आली. शंभराहून अधिक जणींची मूत्रपिंडं निकामी झाली. कित्येकींना डायलिसिस, नाहीतर प्रत्यारोपण. वेल ओळखण्यातली चूक तिथे इतकी महाग पडली. चौकातल्या शेवग्याची आठवण मला तेव्हाच होते.

जाता जाता एक. सकाळी बागांच्या फाटकाशी दुधी, कारलं, गव्हांकुर यांचे रस विकतात, तुम्ही पाहिलं असेल. दुधीच्या रसाचा घोट कडू लागला तर तो थुंकून टाका. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्यासाठी समिती नेमून हाच सल्ला दिलेला आहे. ‘कडू तेवढं गुणकारी’ हा नियम निदान इथे लागू नाही.

आमच्या बाईंच्या बाबतीत माझी आणखी एक चूक झाली. औषधाचा दुष्परिणाम झाला तर तो कळवायला सरकारचा विनाशुल्क क्रमांक आहे, १८००-१८०-३०२४. डॉक्टरच काय, कुणीही कळवू शकतो. मला तो माहीत होता. मी कळवलं नाही. त्या दिवसांत वेळ नव्हता, हे एक कारण. दुसरं म्हणजे त्या अर्जात मला लिहावं लागलं असतं की हा काढा डॉक्टरांना विचारून घेतला होता.

आता दवाखान्यात मी प्रश्न बदलला आहे. ‘औषधं कोणती घेता?’ असं विचारत नाही. ‘चहाच्या आधी काय, रात्री झोपताना काय, आणि कुणी पाठवलेलं काय?’ असं विचारतो. उत्तर आठवत नसेल तर म्हणतो, घरी जा आणि सगळं पिशवीत घालून आणा. पिशव्या काय भरतात, सांगू! अश्वगंधा, शिलाजित, आवळ्याचा रस, भाच्याने अमेरिकेहून आणलेली डबी, गावच्या वैद्याची कागदी पुडी. पुडीवर तारीखही नसते. मी एकेक काढून टेबलावर मांडतो. लोक ओशाळतात. मी म्हणतो, ओशाळू नका, माझीही एक पिशवी भरलेली आहे.

गेल्या महिन्यात आमच्या त्या बाई आल्या होत्या. खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी पिशवीतून एक डबा काढून माझ्यासमोर ठेवला. गुडघेदुखीचं चूर्ण. “आधी हे बघा, मग बोलू.” मी चष्मा लावून वाचलं. अकरा वनस्पतींची नावं होती. कुठली किती, ते कुठेच नव्हतं. मी म्हटलं, “तुम्ही हे अजिबात घेऊ नका.”

“मी कुठे घेतेय?” त्या म्हणाल्या. “आमचे हे घेतायत. तीन आठवडे झाले. तुम्हाला सांगायचं नाही म्हणालेत.”

मी चिठ्ठी ओढली आणि यजमानांच्या नावाने यकृताची तपासणी लिहून दिली.