जुन्या मोटारीचा छंद

मनुष्य वयस्क झाला म्हणजे त्यानें बागेला पाणी घालावें, नातवंडांना गोष्टी सांगाव्या, फार तर सकाळीं टेकडीवर फिरून यावें, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्या वयाचा एखादा गृहस्थ जुन्या मोटारीखालीं सतरंजी अंथरून पाठीवर निजलेला दिसला, कीं शेजारीपाजारी त्याच्या घरच्या मंडळींकडे सहानुभूतीनें पाहूं लागतात. माझ्या घरच्यांच्या वाट्याला ही सहानुभूति गेलीं पंचवीस वर्षें येत आहे. जुनी गाडी घ्यावी, ती आपल्या हातानें दुरुस्त करावी, कांहीं वर्षें वापरावी आणि मग योग्य माणसास विकून दुसरी घ्यावी, हा माझा छंद. त्याविषयीं आज थोडें सांगावयाचें आहे. दुरुस्तीपेक्षां विक्रीनेंच मला अधिक शिकविलें, म्हणून तिच्याविषयीं शेवटीं बोलेन.

माझा विशेष जीव आहे तो आपणां सर्वांच्या ओळखीच्या पद्मिनीवर. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत, इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानें ही गाडी तयार होत असे. १९६४ सालीं ती ‘फियाट ११०० डिलाइट’ या नांवानें बाहेर पडली. पुढें तिचें नांव पद्मिनी झालें, आणि २००० सालच्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. मुंबईकरांनीं तिला काळ्या-पिवळ्या वेषांत टॅक्सी म्हणून ओळखलें. वीस वर्षांची मुदत भरल्यामुळें ऑक्टोबर २०२३ मध्यें शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनेंहि रस्त्याचा निरोप घेतला. खासगी मालकांकडे मात्र या गाड्या अजून आहेत, आणि नवशिक्याचा हात बसण्यास इतकी समजूतदार गाडी दुसरी सांपडणें कठीण.

समजूतदार म्हणण्याचें कारण असें, कीं तिच्या पोटांत कांहीं लपविलेलें नाहीं. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें. बॉनेट उघडलें कीं प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि पान्याला सांपडतो. नव्या गाड्यांत काय बिघडलें तें संगणक सांगतो, आणि तो संगणकच बिघडला तर मालकानें हात जोडून उभें राहावें, एवढेंच उरतें. येथें इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: हवा आणि पेट्रोल यांचें योग्य मिश्रण, योग्य क्षणीं ठिणगी आणि सिलिंडरांत पुरेसा दाब. गाडी सुरू होत नसेल तर या तिन्हींपैकीं एक कोठें तरी कमी पडत आहे, हें निश्चित समजावें.

ती कोणती, हें शोधण्याची रीति गणिताच्या उदाहरणासारखी आहे: एका वेळीं एकच पायरी. माझी पहिली गाडी बंद पडली तेव्हां मीं अधीर होऊन प्लग, कॉइल आणि पॉइंट्स हीं तिन्ही एकदम बदललीं. गाडी सुरू झाली, मीं पेढे वांटले, आणि महिन्याभरांत ती पुन्हा थांबली. दोष कशांत होता तें मला पहिल्यानेंच कळलें नव्हतें. मग दुसऱ्यानें कोठून कळणार? नंतर एका वृद्ध मिस्त्रींनीं डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आंतील पॉइंट्स दाखविले. त्या दोन टोकांमधील फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षांहि कमी असते. शेजारचा कंडेन्सर कमजोर झाला होता, म्हणून टोकें पुनःपुन्हा जळत होतीं. एवढ्याशा वस्तूनें सारें इंजिन अडविलें होतें.

निगा राखण्याविषयीं एक गोष्ट नवख्यांना चमत्कारिक वाटते. गाडी चालून झिजते हें खरें, पण उभी राहून ती अधिक लवकर सडते. कार्बोरेटरांतील पेट्रोल उडून जातें आणि मागें चिकट थर उरतो. तो बारीक छिद्रें बुजवितो. बॅटरी उतरते, रबर ताठर होतें. म्हणून आठवड्यांतून एकदां तरी गाडी चांगली तापेपर्यंत रस्त्यावर न्यावी. अलीकडे पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्यांना मानवत नाहीं. तेव्हां त्या नळ्या बदलून घ्याव्या आणि गाडी फार दिवस उभी ठेवूं नये.

ब्रेकच्या बाबतींत तर काटकसर करूंच नये. ब्रेक ऑइलसुद्धां ओलावा धरतें. दर दोन वर्षांनीं तें काढून नवें भरावें. आजच्या गाड्यांत ब्रेकच्या दोन स्वतंत्र वाटा असतात, एक फुटली तरी दुसरी काम देते. जुन्या गाड्यांत बहुधा एकच वाट असते. एका चाकाशीं गळती झाली कीं चारहि चाकांचा ब्रेक जाण्याचा संभव. इंजिन बिघडलें तर गाडी जागच्या जागीं थांबेल. ब्रेक बिघडला तर ती थांबणारच नाहीं, हा भेद छंदिष्टानें मनांत पक्का ठेवावा.

सुटे भाग मिळतात का, असें पुष्कळ जण विचारतात. मुंबईस कुर्ल्याला आणि पुण्यास नाना पेठेंत चिकाटीनें हिंडलें तर बरेंच कांहीं हातीं लागतें. मात्र जुना भाग बरोबर न्यावा आणि शेजारीं ठेवून ताडून पाहावा. नुसत्या नांवावर विश्वासून घेतलेली वस्तु घरीं येऊन बसत नाहीं, असा माझा अनुभव आहे.

आतां विक्रीकडे वळतों. या गाडीला जीपप्रमाणें खालीं वेगळी चौकट नाहीं. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा आधार. म्हणून तिचा खरा शत्रु इंजिनांत नसून गंजांत असतो, आणि हा शत्रु रंगाखालीं सहज लपतो.

२००९ सालीं माझ्याकडे एक पांढरी पद्मिनी होती. तिच्या दारांखालचा पत्रा आंतून गंजला होता. तो कापून नवा पत्रा वेल्ड करून बसविणें हें खरें काम. पण तो खर्च मला जड वाटला. मीं भोंकांत लांबी भरली, ती घासून गुळगुळीत केली आणि वर रंग दिला. काम इतकें सफाईचें झालें कीं माझें मलाच कौतुक वाटलें. गाडी पाहावयास आला तो माझाच एक जुना विद्यार्थी. त्यानें विचारलें, “सर, पत्रा चांगला आहे ना?” मी म्हणालों, “नुकताच रंग दिला आहे.” तो हंसून म्हणाला, “तुमची गाडी आहे म्हणजे पाहायलाच नको.”

मीं उच्चारलेलें वाक्य अक्षरशः खरें होतें, आणि तें असत्य होतें.

तीन महिन्यांनीं प्रवासांत त्याच्या गाडीचें चाक पंक्चर झालें. त्यानें त्याच पत्र्याखालीं जॅक लावला. चाक काढल्यावर पत्रा फाटला आणि गाडी खालीं आली. क्षणापूर्वींच त्यानें हात बाहेर घेतला होता. रविवारीं सकाळीं तो माझ्या घरीं आला. रागावला असता तर बरें झालें असतें. लांबीचा एक तुकडा, वर पांढरा रंग असलेला, त्यानें टेबलावर ठेवला आणि विचारलें, “सर, हें तुम्हांला ठाऊक होतें का?”

असा प्रश्न वर्गांत मीं मुलांना कितीदां विचारला होता! मी म्हणालों, “होय, ठाऊक होतें.” गाडी मीं परत घेतली आणि त्याचे पैसे दोन हप्त्यांत दिले. पत्र्याचें काम मग रीतसर करविलें. त्यांत पदरचे बरेच गेले. तो विद्यार्थी आजहि भेटला तर वांकून नमस्कार करतो. पण पुन्हां त्यानें माझ्याकडून गाडी घेतली नाहीं, आणि त्यांत त्याची चूक आहे असें मला वाटत नाहीं.

तेव्हांपासून प्रत्येक गाडीची मी एक वही ठेवतों. डाव्या पानावर काय दुरुस्त केलें, तारखेसह. उजव्या पानावर काय राहिलें आहे. गिऱ्हाईक आलें कीं किंमतीची गोष्ट निघण्यापूर्वीं उजवें पान वाचून दाखवितों. किंमत पांच-सात हजारांनीं उतरते. हिशेब मांडला तर या छंदांत मला नफा असा झालेला नाहीं. परंतु गाडी गेल्यावर रात्रीं टेलिफोन वाजला तर छातींत धस्स होत नाहीं.

घेणारांनींहि डोळे मिटूं नयेत. खिशांत एक लोहचुंबक न्यावा आणि पातळ फडक्यांत धरून दारांच्या कडांना व खालच्या पत्र्याला लावावा. लांबीचा जाड थर असेल तेथें तो चिकटत नाहीं. इंजिन थंड असतांना सुरू करून पाहावें. इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक नोंदणीच्या कागदांशीं ताडावा. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी करून पांच-पांच वर्षांनीं ती वाढवावी लागते. ती मुदत संपलेली नाहीं ना, हेंहि पाहावें.

विकणारानें नुसती किल्ली देऊन मोकळें होऊं नये. नमुना २९ व ३० भरून मालकी बदलावी. व्यवहार एकाच राज्यांतला असेल तर विकणारानें चौदा दिवसांच्या आंत नोंदणी कार्यालयास कळवावयाचें असतें. गाडी दिली पण नांव बदललें नाहीं, आणि पुढें अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदींत नांव असलेल्या मालकावरच येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिलेला आहे.

सध्यां माझ्या अंगणांत उभी आहे ती १९९२ सालची, निळ्या रंगाची. दुसऱ्या गिअरला ती कधीं कधीं कुरकुर करते. तें उजव्या पानावर लिहिलेलें आहे. एका गृहस्थांना ती पाहावयाची आहे. ते येतील तेव्हां त्यांच्यापुढें प्रथम वही ठेवीन, मग चहा, आणि मग किल्ली.