पारख्याची पारख



मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण सहज बोलून जातो. पण ते पाय पाहून पुढचे भाकीत करणे हेच ज्याचे पोटापाण्याचे काम, त्याची परीक्षा कशी घ्यायची? आज या प्रश्नाचा विचार आपण एका दूरदेशच्या उदाहरणावरून करू. देश कॅनडा, शहर मॉन्ट्रियल आणि खेळ बर्फावरची हॉकी.

ही आपल्या मैदानी हॉकीची थंड मुलखातली बहीणच म्हणा ना. पायांत पोलादी पात्याचे बूट, हातात काठी, आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती. तिथल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये आज ३२ संघ आहेत. दरवर्षी एक निवडसभा भरते. तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. पहिली सभा १९६३ साली मॉन्ट्रियललाच भरली होती. साधारण अठरा वर्षांची मुले या सभेत संघांच्या वाट्याला येतात. गेल्या हंगामात दुबळा ठरलेल्या संघाला सामान्यतः आधी पाळी मिळते, विजेत्याला शेवटी. अगदी वरच्या क्रमांकांसाठी चिठ्ठ्याही टाकतात. अशा सात फेऱ्या होतात. आपल्या पाळीला कोणाचे नाव घ्यायचे हे ठरवण्यासाठी प्रत्येक संघ वर्षभर गावोगाव माणसे हिंडवतो. ही माणसे म्हणजे 'स्काउट'. आपल्या शाळेतल्या बालवीरांशी नाव सारखे, काम मात्र निराळे.

मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या संघात २००३ पासून जवळजवळ दोन दशके या कामाची धुरा ट्रेव्हर टिमिन्स यांच्याकडे होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये संघाने त्यांना दूर केले. तोवर त्यांचे टीकाकार आणि त्यांचे चाहते, दोघांपाशीही भरपूर पुरावा जमला होता.

आधी जमेची बाजू पाहू. २००५ साली पाचव्या पाळीला त्यांनी केरी प्राइस हा गोलरक्षक घेतला. संघाकडे नावाजलेला गोलरक्षक असताना दुसरा कशाला, असे लोक म्हणाले. हा मुलगा ब्रिटिश कोलंबियातल्या एका आडगावचा. सरावाची जागा तीनशे किलोमीटरहून दूर. वडील लहानशा विमानातून त्याला नेत-आणत. २०१५ साली तो सबंध लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००७ च्या एकाच निवडीत टिमिन्स यांनी बाराव्या क्रमांकावर मॅक्डोना, बाविसाव्यावर पॅशिओरेटी आणि त्रेचाळिसाव्यावर सुबान ही तीन रत्ने वेचली. हलाक हा गोलरक्षक तर २००३ साली २७१ व्या क्रमांकावर मिळाला.

आता खर्चाची बाजू. २००६ साली विसाव्या पाळीला घेतलेला फिशर या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. दोनच पाळ्यांनंतर दुसऱ्या संघाने घेतलेला जिरू हजाराहून अधिक सामने खेळला. २००९ ते २०१४ या सहा वर्षांत पहिल्या फेरीत घेतलेल्यांपैकी एकही मॉन्ट्रियलचा आधारस्तंभ झाला नाही. त्यातला गाल्चेन्युक तर तिसऱ्या क्रमांकाचा. एका हंगामात त्याने तीस गोल केले खरे, पण पुढे तो टिकला नाही.

मग निकाल काय द्यायचा? घाई करू नका. हिशेब मांडण्याआधी चार गोष्टी तपासल्या पाहिजेत.

पहिली, मागाहूनचे शहाणपण. २००३ साली टिमिन्स यांनी दहाव्या पाळीला कोस्तित्सिन घेतला आणि बर्जरॉन सोडला, असा ठपका ठेवतात. पण बर्जरॉन ४५ व्या क्रमांकापर्यंत कोणालाच नको होता. ज्या बॉस्टनने त्याला घेतले, त्यानेही पहिल्या फेरीत दुसऱ्याचेच नाव पुकारले होते. सगळ्या गावाचा अंदाज चुकला तर एकट्या जोशीबुवांना दोष देऊन कसे चालेल?

दुसरी, पाळी कितवी होती. तिसऱ्या पाळीची चूक आणि पंचविसाव्या पाळीची चूक एका तराजूत घालता येत नाही.

तिसरी गोष्ट उलट्या बाजूची. यशातही दैवाचा वाटा असतो. गॅलघर हा बुटका, पण चिवट मुलगा २०१० साली १४७ व्या क्रमांकावर मिळाला आणि त्याने मॉन्ट्रियलसाठी दोनशेहून अधिक गोल केले. शाबासकी द्यावीच. पण मॉन्ट्रियलनेही त्याच्याआधी तिघांची नावे घेतली होती. तो इतका चांगला निघेल हे पक्के ठाऊक असते, तर तोवर थांबले असते का?

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बियाणे निवडणारा एक, पेरणारा दुसरा आणि शेत विकणारा तिसराच असतो. मॅक्डोना मॉन्ट्रियलसाठी एकही सामना खेळण्याआधी, २००९ साली, व्यवस्थापकांनी त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकले. २०१६ साली नवव्या क्रमांकावर घेतलेला सर्गाचोव्ह पुढल्याच वर्षी तसाच गेला. २०२१ साली मॉन्ट्रियल स्टॅनले चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचले. गोलात प्राइस, पुढे गॅलघर, दोघेही टिमिन्स यांचेच वेचे. समोर टॅम्पा बे. त्यांच्या बचावफळीत कोण? मॅक्डोना आणि सर्गाचोव्ह! टॅम्पा चार-एकने जिंकले. पारख दोन्हीकडे एकाच माणसाची होती. चषक मात्र एकाच संघाला मिळाला.

तर माझे मत असे. तळातून माणिक शोधण्यात टिमिन्स यांचा हात चांगला होता. पहिल्या फेरीत मात्र २००९ पासूनची ती सहा वर्षे त्यांच्या खाती उणीच धरावी लागतील. एखादे वर्ष दैवावर ढकलता येते, ओळीने सहा नव्हे. तरी त्या अपयशात मुलांना घडवणाऱ्यांचाही वाटा आहे, आणि तो निवडणाऱ्याच्या खाती मांडणे न्यायाचे नाही.

गुरुजनहो, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला कोणाला बसवायचे, तालुक्याच्या स्पर्धेला कोणाला पाठवायचे, हे दरवर्षी तुम्हीही ठरवता. निवडलेल्यांतला एक चमकला की आपण त्याचे नाव वर्षानुवर्षे सांगतो. न निवडलेल्यांचे पुढे काय झाले, याची वही मात्र कोणी ठेवत नाही. मॉन्ट्रियलच्या लोकांनी ती ठेवली, म्हणून तर आज आपण हा हिशेब मांडू शकलो. पाळण्यातले पाय पाहणाऱ्याने दहा वर्षांनी ती मुले कुठवर चालत गेली, हेही एकदा पाहावे. निवड झालेल्यांचीही, आणि राहून गेलेल्यांचीही.